माझं दहा बटणांचं पोट

मी इंजिन बोलतोय. घाबरून रुळावरून बाजूला व्हायची गरज नाही. मी अंगावर आलो तर तुम्हाला फार तर गुदगुल्या होतील, दुरुस्तीला मात्र मला न्यावं लागेल. प्लॅस्टिकचे ठोकळे एकात एक बसवून केलेलं मी एक खेळण्यातलं इंजिन आहे. धूर नाही, वाफ नाही, शिट्टी नाही. एक बॅटरी आणि बुडाखाली मोटरी, एवढाच काय तो माझा पराक्रम. चार्जिंगला लावायचं कुणी विसरलं, की मी ऐटीत निघतो आणि अर्ध्या वाटेत झोपतो.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला घडवलं दादाने. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर वर-खाली करून त्याचा जीव इतका विटतो, की रविवारी त्याला काहीतरी गोल गोल फिरताना बघावंसं वाटतं, असं वहिनी म्हणते. वहिनी ही त्याची बायको. त्याची धाकटी बहीण या दोघांना दादा-वहिनी म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. या बहिणीला लहानपणापासून सगळे मुंगी म्हणतात. अंगाने एवढीशी आणि स्वभावाने चिवट, म्हणून हे नाव पडलं, ते केस पिकायला लागले तरी सुटलं नाही. ती वरच्या मजल्यावर एकटी राहते आणि चौकात तिचं फोटोंना फ्रेमा करून द्यायचं दुकान आहे.

आता माझ्या रूपाबद्दल. मला काळंभोर करायचं दादाच्या मनात होतं, पण काळे ठोकळे मध्येच संपले, म्हणून माझी पाठ गडद हिरवी आहे. कुणी विचारलं तर दादा गंभीर चेहरा करून सांगतो, "मुद्दाम केलंय." मला दोन मोटरी आहेत. पहिल्यांदा चालवून बघायचं ठरलं तेव्हा सगळे श्वास रोखून उभे राहिले. दादाने रिमोटचं चाक फिरवलं. मी गुरगुरलो, थरथरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. दोन्ही मोटरी उलटसुलट तोंडं करून बसवल्या होत्या. एक मला पुढे ओढत होती, दुसरी मागे.

वहिनी म्हणाली, "अहो, हे अगदी तुमच्या घराण्यावर गेलंय हो!"

दादा आणि मुंगी दोघांनीही तिच्याकडे रागाने बघितलं. मग मोटर फिरवून बसवली आणि मी एकदाचा चालू लागलो.

मागच्या खोलीत लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून यांनी माझं राज्य मांडलंय. रूळ, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे आणि गाड्या दादाच्या. स्टेशन, घरं, दुकानं, झाडं आणि माणसं मुंगीची. ही वाटणी कुणी लिहून दिलेली नाही, पण दादा झाडाला हात लावत नाही आणि मुंगी इंजिनाला. आईवडील गेल्यावर घरातल्या बाकीच्या भानगडी एकेक करून मिटल्या, आणि मग या दोघांना एकत्र बसायला दुसरं निमित्तच उरलं नाही. वाढदिवसाला फोन व्हायचा, तेवढाच. एका रविवारी मुंगी काहीतरी मागायला खाली आली, दादाला जमिनीवर रूळ जोडताना बघितलं, आणि परत जायचं विसरली. तेव्हापासून रविवार माझा. म्हणजे त्यांचा. मी आपला उगाच श्रेय लाटतोय.

मुंगीचं स्टेशन बघण्यासारखं आहे. खोली लहान, सरळ रुळाला जागा नाही, म्हणून ते तिने वळणावर, रुळाच्या आतल्या बाजूला बांधलं. फ्रेम करणाऱ्या बाईची नजर ती. फलाटाची कड वळणाबरोबर अशी वळवली आहे, की कुठे फट दिसत नाही. वर छप्पर, छपराला बारीक खांब, खाली उभे प्रवासी. रुळापासून फलाटाचं अंतर तिने बेतलं तेव्हा मी आखूड आणि सडपातळ होतो, छपराला धक्का न लावता जायचो. सगळं सुखात चाललं होतं.

मग अशाच गाड्या जोडणाऱ्यांच्या यांच्या क्लबातल्या एका बेकरीवाल्याने क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात माझ्यापेक्षा लांब इंजिन आणलं. लोक त्याच्याभोवती गोळा झाले. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ठोकळ्यांच्या डोक्यावर गोल बटणं असतात, ही माणसं लांबी त्या बटणांतच मोजतात. दादाने मला मधोमध उघडलं आणि पोटात दहा बटणं वाढवली. चाकं पुढची पुढे गेली, मागची मागे, आणि मध्ये मी पसरलो. सरळ रुळावर फलाटाचा एक तुकडा माझ्याशेजारी धरून दादाने बघितलं, फट पुरेशी वाटली, काम झालं. मलाही वाटलं, आपण आता राजबिंडे दिसतो. आरशात दिसलो नाही, म्हणून तसं वाटलं असणार.

लांब अंगाची एक गंमत असते. सरळ रुळावर ते सरळ असतं. वळणावर मात्र पुढची चाकं आणि मागची चाकं रूळ धरून राहतात आणि मधलं पोट वळणाच्या आतल्या बाजूला रूळ सोडून पुढे येतं. हे दादाला ठाऊक होतं. पण बेकरीवाल्याचं तोंड डोळ्यांपुढे असलं, की ठाऊक असलेलं आठवत नाही.

त्या रविवारी मी दिमाखात वळण घेतलं आणि पोटाने मुंगीचं स्टेशन पुसून काढलं. पहिला खांब, दुसरा खांब, मग आख्खं छप्पर. प्रवासी फरशीवर. त्या बिचाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू छापलेलंच असतं, त्यामुळे ते पडतानाही हसत होते. मी थांबायला हवं होतं. पण मला ब्रेक नाही, आणि दादा आ वासून बघत राहिला होता. मी उरलेले खांब पाडूनच थांबलो.

"दादा, हे काय?"

"तुझा फलाट फार पुढे आलाय, मुंगे."

"फलाट होता तिथेच आहे. तुझ्या इंजिनाचं पोट सुटलंय!"

"इंजिन असंच असतं. दोन बटणं मागे घे ना फलाट."

"दोन बटणं? अरे, ती कड बसवायला माझे किती रविवार गेले! तुला काय, तुला बेकरीवाल्याला दाखवायचंय."

हे खरं होतं, म्हणून दादा भडकला. "मग राहू दे. स्टेशनाशिवायही गाडी चालते."

मुंगीने खाली पडलेला एकेक प्रवासी उचलला, छपराचे तुकडे खोक्यात भरले, फलाट फळीवरून काढला आणि वर निघून गेली. जाताना दार जोरात लावलं.

पुढे अबोला. जिन्यात भेट झाली तर दोघं वहिनीशी बोलायचे. मुंगी म्हणायची, "वहिनी, कुणाला तरी सांग, जिन्यातला दिवा गेलाय." दादा म्हणायचा, "अगं, कुणाला तरी सांग, लावतो." वहिनी दोघांच्या मध्ये उभी राहून हात टेकायची.

पुढच्या रविवारी दादाने एकट्याने खेळ मांडला. फलाट परत आलाच तर त्याला जागा असावी, म्हणून आधी त्याने रूळच थोडे बाहेर सरकवून बघितले. तेव्हा माझं नाक बाहेरच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीवर आपटलं. आत पोट, बाहेर नाक, असा मी दोन्हीकडून गुन्हेगार ठरलो. टाकी काढली तर नाक भिंतीला लागलं, म्हणून रूळ परत होते तिथे आणले. मग दुसरी अडचण आली. गाडी दादा चालवायचा आणि पलीकडच्या कोपऱ्यातला सांधा मुंगी बदलायची. आता दादाने मला सोडायचं आणि मी तिथे पोचायच्या आत फळ्यांखालून रांगत जाऊन सांधा बदलायचा, असं ठरवलं. पहिल्या खेपेला मी आधी पोचलो. दुसऱ्या खेपेलाही मीच. तिसऱ्या खेपेला दादा दोन घोड्यांच्या मध्ये अडकला. ना पुढे जाता येईना, ना मागे. वर मी सांध्यावर रुळावरून उतरून पडलेलो आणि खाली तो. त्याचं अडकलं होतं ते पोटच. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

वहिनीने पाय धरून त्याला ओढून काढलं. धूळ झटकत तो तिथेच जमिनीवर बसला.

"मजा नाही गं येत तिच्याशिवाय," तो म्हणाला.

"मला कशाला सांगता? ती एकच मजला वर आहे. चढून जा."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?"

तो गेला नाही. वहिनीच संध्याकाळी वर जाऊन आली आणि निरोप घेऊन आली. यंदाच्या प्रदर्शनात दोघांच्या नावाने एकच टेबल होतं. मुंगीने कळवलं होतं, "क्लबाला शब्द दिलाय, फलाट घेऊन येईन. पण एक बटणही मागे घेणार नाही. आणि या वेळी छप्पर पडलं तर पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही." मुंगी बोलते ते करते. वहिनीचा आवाजसुद्धा हे सांगताना उतरला होता.

दादा बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मी जमेल तेवढा देखणा दिसायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. त्याने मला उचललं, मधोमध उघडलं आणि ती दहा बटणं काढून टाकली. एवढंच असतं तर मी पूर्वीसारखा झालो असतो. पण लांब झालो तेव्हा त्याने माझ्या पोटात जास्त मोठी बॅटरी बसवली होती आणि माझी जुनी बॅटरी बेकरीवाल्यालाच देऊन टाकली होती. मोठी बॅटरी आता माझ्यात मावेना. शेवटी ती मागच्या कोळशाच्या डब्यात गेली आणि एक वायर ओढून मला जोडली. म्हणजे आता मी पुढे आणि माझा जीव मागच्या डब्यात. मध्ये बॅटरीची जागा रिकामी पडली, म्हणून आणखी थोडं कापलं. शेवटी जो उरला, तो इंजिन कमी आणि डब्याचं झाकण जास्त दिसत होता.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मला टॉवेलात गुंडाळून नेलं. आपण पडतं घेतलंय हे सांगायची दादाला लाज वाटत होती. मुंगी आधीच येऊन फलाट मांडत होती, गुण्या लावून कोपरे तपासत होती. तिने दादाकडे बघितलं नाही. दादाने टॉवेलाआडूनच मला पलीकडच्या टोकाला रुळावर ठेवलं, मागे डबे लावले. समोरच्या टेबलावर बेकरीवाला त्याचं लांबलचक इंजिन पुसत उभा होता.

"हळू आण," मुंगी म्हणाली. इतक्या दिवसांत दादाला उद्देशून बोललेले हे तिचे पहिले शब्द.

"हळूच आणतोय."

तिने आपला तळहात छपराच्या कडेला उभा धरला. मी आलोच अंगावर, तर आधी तिच्या हाताला लागणार होतो. दादाने रिमोटचं चाक अगदी थोडं फिरवलं. मी निघालो. वळण आलं. खरं सांगतो, मी त्या वेळी प्रचंड घाबरलो होतो. मला आता पोट नाही, यावर माझाच विश्वास बसेना. पुढची चाकं वळली, मागची वळली, तिचा हात जवळ आला आणि मी त्याच्या शेजारून निघून गेलो. मागून डबे गेले. छपराचा एक खांबही हलला नाही.

मुंगीने हात काढला नाही. "परत आण," ती म्हणाली. मी परत आलो. या वेळी तिने मला मध्येच उचललं, उलटं केलं आणि बघितलं.

"दादा, पोट कुठे गेलं याचं?"

"काढलं."

"सगळं?"

"होतं त्याहून जास्तच काढलं. ते जरा चुकलं."

समोरून बेकरीवाला ओरडला, "काय हो, यंदा इंजिन धुवून आटलं की काय?"

"आटलं," दादा म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला.

मुंगीला मात्र हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले. "अरे, मी दोन बटणं मागे घेतली असती रे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आलास का वर?"

"बोलायला सुरुवात झाली ना?" वहिनी म्हणाली. "मग आता बाजूला व्हा. लोक बघायला थांबलेत, त्यांना तुमच्या पाठी दिसतायत."

दादाने शर्टाच्या खिशातून मूठभर ठोकळे काढले आणि मुंगीच्या ओंजळीत ठेवले. "हे त्यातलेच. तुझ्या फलाटावर प्रवासी कायम उभेच असतात. त्यांना बसायला काहीतरी कर."

तर असा मी. आखूड, ठेंगणा, पाठ हिरवी, जीव मागच्या डब्यात. प्रदर्शनात लोक मला बघून विचारतात, "हे एवढंसं का हो?" आणि दादा पुन्हा तोच गंभीर चेहरा करून सांगतो, "मुद्दाम केलंय." या वेळी ते खरं आहे. कधी आलात बघायला, तर मला पोटभर हसा, मी रागावणार नाही. पण माझ्याकडे बघून झालं, की त्या फलाटावर जरा वाकून बघा. छपराखाली हिरव्या-काळ्या बाकांची एक रांग आहे आणि त्यावर सगळे प्रवासी आरामात बसलेत. ते माझं पोट आहे.