तीन फोल्डरांची वाटणी

माझ्या सासूबाईंचं आयुष्य कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरून गेलं. मापात पाप नको, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. घरात केक आला तरी आधी पट्टी यायची, मग सुरी. तिन्ही मुलांना सारखे तुकडे, आणि डब्याला चिकटलेला चुरा मला. मी थोरली सून.

दुकान सोडल्यावर धाकट्या दिरानं त्यांना कॉम्प्युटर आणून दिला आणि ब्राउझरमध्ये बुकमार्क कसा ठेवायचा ते शिकवलं. आधीच हौस, त्यात पडला पाऊस! सासूबाईंनी वरच्या पट्टीवर तीन फोल्डर केले. थोरला, मधली, धाकटा, जन्माच्या क्रमानं. कुठं काही चांगलं दिसलं की मुलांसाठी राखून ठेवायचं. गुडघ्याचे व्यायाम, शाईचे डाग काढायची युक्ती, बुटात घरटं बांधणाऱ्या चिमणीचा व्हिडिओ. आणि ठेवायचं ते तिन्हीकडे. थोरल्याच्या फोल्डरमधला बुकमार्क कॉपी करून आधी मधलीच्या फोल्डरमध्ये पेस्ट, मग धाकट्याच्या. टक्कल पडू नये म्हणून कुठलं तेल लावावं हा लेखसुद्धा मधलीच्या वाट्याला गेला. या माझ्या नणंदेचा शेपटा कमरेखाली येतो.

"आई, ताईंना कशाला हे?" मी विचारलं.

"नको असेल तर तिनं टाकावं. मी कमी-जास्त करणार नाही."

धाकट्यानं आईचं खातं तिन्ही घरच्या कॉम्प्युटरवर उघडून दिलं होतं, त्यामुळे ही पट्टी सगळ्यांकडे दिसायची. थोरला, म्हणजे आम्ही, त्यांच्याजवळच राहतो; बाकीच्या दोघांना दर रविवारी सासूबाई फोन लावायच्या. "ठेवलेलं बघितलंस का?" पलीकडून उत्तर यायचं, "हो आई, मस्त होतं!" एवढ्यावर बाईंचा आठवडा निघायचा. रविवारी त्या दोन्ही फोन होईपर्यंत जेवायच्या नाहीत.

सुनेसाठी फोल्डर नव्हता हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्याही आलं होतं.

मी विमा कचेरीत जुने कागद सांभाळते. एकाच कागदाच्या दोन प्रती दिसल्या की माझे हात शिवशिवतात. त्यातून एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, काही शोधायला गेलं की एकच गोष्ट तीनदा दिसते. कुठली उघडावी कळत नाही. बघ ना जरा." मग काय, मी डुप्लिकेट काढणारं एक एक्स्टेन्शन बसवलं. त्यानं विचारलं, पहिली प्रत ठेवून बाकीच्या काढू? मी हो म्हटलं. पुढेही आपोआप काढत जाऊ? त्यालाही हो म्हटलं. सगळं कसं चकाचक झालं. कचेरीत अशा कामाबद्दल शाबासकी मिळते.

पट्टीवर पहिला फोल्डर कोणाचा, हे मात्र मी पाहिलं नाही.

महिना उलटून गेला. मग धाकट्याकडून कुठलंसं बटण दाबताना चुकून स्वतःचा फोल्डर उघडला गेला. रिकामा! त्यानं बहिणीला फोन केला, तिनं आपला उघडला. तोही रिकामा. दोघांनी दादाचा उघडून पाहिला, तर तो फुटेपर्यंत भरलेला. त्याच रविवारी दोघं आमच्या दारात हजर. सासूबाई तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा या दोघांची एका दिवशी सवड जमली नव्हती.

सासूबाई खुलल्या. माळ्यावरच्या घडीच्या खुर्च्या काढायला लावल्या. पण मुलं बसेनात.

"आई, वहिनीनं सगळं दादाच्या नावावर केलंय," मधली म्हणाली.

"मुद्दाम केलंय असं आम्ही म्हणत नाही," धाकटा म्हणाला. म्हणजे तेच म्हणत होता. "पण तुझ्या माघारी, तुझ्या कॉम्प्युटरवर, हे काय चाललंय?"

मी यांच्याकडे पाहिलं. नवरा म्हणून दोन शब्द बोलतील अशी वेडी आशा. हे टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "माझ्या नावाचा फोल्डर आहे? कुठे?"

"ताई," मी म्हटलं, "अहो, ते तेल आणि चिमण्या मी काय स्वतःच्या माहेरी नेणार आहे?"

"प्रश्न तेलाचा नाही, वहिनी. आईनं माझ्यासाठी ठेवलेलं मी रोज वाचते. परवाच तो गुडघ्यांचा नवा लेख वाचला. हो ना गं आई? फोनवर सांगितलं ना तुला?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली, आणि दुसऱ्याच क्षणी हसू फुटायला आलं. गुडघ्यांचा तो लेख सासूबाईंनी गेल्या आठवड्यात ठेवला होता. मधलीच्या फोल्डरमध्ये तो क्षणभरही टिकला नव्हता; त्याचं नाव तिला फोनवर आईकडूनच कळलं असणार. महिनाभर ही दोन्ही रत्नं रिकाम्या फोल्डरचं कौतुक करत होती! एवढं एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. ते जिभेच्या टोकावर आलंही होतं.

तेवढ्यात माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. घडीच्या खुर्चीच्या कडेवर बसून त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा दर रविवारचा घास माझ्या त्या एका वाक्यावर टांगलेला होता. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो, पण इतका नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

मग रीतसर वाटणी झाली. धाकट्यानं आपोआपवालं बटण बंद केलं, थोरल्याचं सगळं निवडून दोन्हीकडे पेस्ट केलं. मधली शेजारी उभी राहून काही सुटत नाही ना ते पाहत होती. समाधान झाल्यावर दोघांनी चहा घेतला आणि उशीर होतोय म्हणून निघाले. जाताना मधली म्हणाली, "राग मानू नका हं वहिनी." चोर तो चोर, वर शिरजोर!

मी कप उचलायला सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या पडद्यासमोर बसल्या होत्या.

"बोलली नाहीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मी तीन ठिकाणी ठेवायची, राहायचं एकाच ठिकाणी. दुकानात एखादी बाई कापडाला नुसता हात लावून 'छान आहे' म्हणायची, ती घेणार नाही हे मला कळायचं. पोटच्या पोरांचं कळणार नाही?"

"मग दर रविवारी विचारत का होतात?"

"आवाज ऐकायला." त्यांनी चष्मा पुसला. "इतकी वर्षं भरभरून ठेवलं, तेव्हा कोणी फिरकलं नाही. फोल्डर रिकामे झाले आणि बघ, दोघं धावत आली."

मी उचललेले कप पुन्हा खाली ठेवले.

सासूबाईंनी माउस माझ्याकडे सरकवला. "सगळं पुसायचं कसं, दाखव."

"दोघांचं पुन्हा पुसायचं?"

"त्यांचं राहू दे, आत्ताच येऊन गेली. थोरल्याचं पुस. एवढ्या वर्षांत शेजारच्या खोलीतून तो इथे आलेला नाही. बघू, येतो का."

मी निवडलं आणि पुसलं.

त्याला आता बरेच रविवार झाले. त्या खोलीत एक खुर्ची उघडून ठेवलेली असते, आणि बाहेर यांच्या टीव्हीचा आवाज चालू असतो.