काखेतली बॅटरी

शीतगृहात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. खोक्यांवरचे बारकोड मशीनने टिपायचे, माल किती आहे ते मोजायचं आणि नोंद मुख्य कचेरीला पाठवायची, हे काम ती अकरा वर्षं करत होती. वय एकोणपन्नास. लग्न जमता जमता राहिलं, मग आईचं आजारपण आलं, आणि आई गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात ती आणि फ्रिजची घरघर एवढंच उरलं. भाऊ दुसऱ्या गावी होता. वाईट नव्हता तो. त्याला फक्त फोन करायचं सुचत नसे.

त्या महिन्यात गोदामातली जुनी मशीन एकामागून एक मान टाकू लागली, तेव्हा साहेबांनी तिला आत बोलावलं. टेबलावर हातात मावतील असे तीन छोटे कॉम्प्युटर मांडले होते. एक पिवळा, एक निळा, एक राखाडी.

"हे बघा बाई, तिन्ही स्वस्तातले आहेत," साहेब म्हणाले. "महागाला वरून मंजुरी नाही. त्यातल्या त्यात धड कुठला, ते तुम्ही सांगायचं. वापरणार तुम्ही. मी नुसता सही करणारा माणूस."

पिवळ्याची बॅटरी आतच बसवलेली होती. ती संपली की वायर लावून गुपचूप बसायचं. निळ्याची पाठ सरकवली की बॅटरी हातात येई आणि सोबत तशीच आणखी एक सुटी दिलेली होती. राखाडी दोन पेन्सिल सेलवर चालत असे. संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा, घाला, कामाला लागा, असं विकणाऱ्याचं म्हणणं होतं.

कुणी तिचं मत विचारून बरीच वर्षं झाली होती. तिने काम फारच मनावर घेतलं. वही आखली. कोण किती तास चालतो, कोण हातात जड लागतो, कोणाचा पडदा उन्हात दिसतो, सगळं लिहू लागली. संध्याकाळी तिघांनाही घरी आणून जेवणाच्या टेबलावर सुरू ठेवायची आणि तासातासाने आकडे टिपायची. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण त्यांच्याशी बोलतोय. "काय रे पिवळ्या, दमला नाहीस अजून?" असं ती चक्क मोठ्याने म्हणाली होती. म्हणाली आणि उगाच खिडकीकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

दिवसभरात खरं म्हणजे तिच्याशी नेमाने बोलणारं एकच होतं, तेही लेखी. मुख्य कचेरीतला तपासनीस. तिने पाठवलेली प्रत्येक नोंद तिथे तपासली जाई आणि काही खटकलं की मशीनच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटत: 'नोंद अपुरी. पुन्हा पाठवा.' 'आकडा जुळत नाही. पुन्हा मोजा.' अकरा वर्षांत एक गोड शब्द नाही. ती मनातल्या मनात त्याला खवट म्हणायची.

बाहेरच्या परीक्षेत पिवळा पहिला आला. एकदा चार्ज केला की अकरा तास हूं की चूं नाही. पण तिचं खरं काम होतं ते उणे वीस अंशांत. म्हणून तिने शनिवार निवडला. शनिवारी गोदाम अर्धा दिवस असे.

दुपारी दीड वाजता माल उचलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर डबा बांधून निघाला होता. तिला जाड कोट चढवताना बघून थांबला.

"आता कशाला आत शिरताय बाई? सोमवारी करा की."

"सोमवारी दार सारखं उघडतं. थंडी टिकत नाही."

"घरी कुणी वाट बघणारं नसलं की असंच होतं माणसाचं," तो हसत म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्याला कळलं. "म्हणजे... तसं नाही म्हणायचं मला."

"कळलं हो. जा तुम्ही. उशीर होतोय."

तो गेला. तिने फोन नेहमीप्रमाणे बाहेरच्या खणात ठेवला, कारण थंडीत तो बंद पडायचा आणि तसाही फारसा वाजत नसे. मग तिन्ही मशीन आणि वही घेऊन ती खोली क्रमांक दोनमध्ये गेली आणि दार लोटलं.

आत छतापर्यंत खोकी होती. वाटाणे, मक्याचे दाणे, मासळी. पंख्यांचा एकसुरी आवाज. राखाडी चौदा मिनिटांत गेला. सेल नवेकोरे होते, पण थंडीपुढे त्यांचं काही चाललं नाही. पिवळा एकतिसाव्या मिनिटापर्यंत साठ टक्के दाखवत होता आणि एकदम काळा झाला, निरोपसुद्धा न घेता. निळा पन्नास मिनिटं टिकला. तिने सगळं लिहून घेतलं आणि बाहेर पडायला दाराशी आली.

दाराला आतून ढकलायचा लोखंडी दांडा होता. तो हलेना. खालच्या फटीतून बाहेरची दमट हवा शिरून खाचेत बर्फ धरला होता. तीन महिन्यांपूर्वी तिनेच तक्रार लिहून दिली होती. तिने खांदा लावला, लाथा घातल्या, ओरडली. बाजूचं घंटेचं बटण दाबलं. त्याचा दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

सोमवारी सकाळी आठला दार उघडेल. आत्ता पावणेतीन. म्हणजे एक्केचाळीस तास आणि पंधरा मिनिटं. मोजायची सवय वाईट, नको तिथेही सुटत नाही.

रविवारी आपण घरी नाही हे कुणाला कळेल, याचा तिने विचार केला. शेजारणीला वाटेल, भावाकडे गेली असेल. भावाला काहीच वाटणार नाही. तिने एकेक माणूस डोळ्यांपुढे आणला आणि यादी फार लवकर संपली.

मग तिला निळ्याची सुटी बॅटरी आठवली. कोटाच्या बाहेरच्या खिशात होती. घाईघाईने घातली, पडदा उजळला, लाल रेघ आली आणि विझला. तीही गारठली होती. क्षणभर तिला रडूच आलं. मग तिने कोटाची चेन उघडली, एक बॅटरी उजव्या काखेत घातली आणि एक डाव्या. बर्फाचा खडा अंगाला लावावा तसं झालं. दात वाजत होते, तरी ती रांगेतून फेऱ्या मारत राहिली. दहा मिनिटांनी उजवीकडची काढून बसवली. मशीन सुरू झालं.

नेटवर्कची पेटी तिसऱ्या रॅकच्या वर होती. ती तिच्याखाली जाऊन उभी राहिली, हातमोजा काढला आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: 'मी आत अडकले आहे. दार उघडत नाही. माणूस पाठवा.'

लाल अक्षरं आली. 'शेरा मालाशी संबंधित नाही. पुन्हा पाठवा.'

"अगं आई गं," ती म्हणाली. हसावं की रडावं कळेना. मशीन विझलं. तिने बॅटऱ्यांची अदलाबदल केली, गार झालेली पुन्हा काखेत ढकलली. या खेपेला त्याला कळेल अशा भाषेत लिहायचं ठरवलं. नवी नोंद उघडली. माल: माणूस. नग: एक. जागा: खोली दोन. तापमान: उणे वीस. स्थिती: जिवंत.

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं: 'कोण?'

'मोजणी करणारी. दार गोठलंय. इमारतीत कुणी नाही.'

'थांबा. फोन करते.'

करते. तिने ते दोनदा वाचलं. खवट बाई होती.

मशीन पुन्हा विझलं. पुढची सात मिनिटं तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. बॅटरी बदलली तेव्हा निरोप येऊन पडला होता: 'तुमचा रखवालदार फोन उचलत नाही. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात बोलले. त्यांचा मेकॅनिक घरून निघालाय. तुम्ही बसू नका. तिसऱ्या रॅकवरची खोकी मोजा.'

'मोजलेली आहेत.'

'पुन्हा मोजा.'

तिने मोजली. बोटं आता तिची राहिली नव्हती, पेनाच्या टोकाने अक्षरं दाबावी लागत होती. एकशे अठरा लिहिलं. उत्तर आलं: 'चूक. पुन्हा.' ती वैतागून पुन्हा चालली. एकशे बावीस. 'आता पाचवा रॅक.' मध्येच तिला फार झोप आली, एका खोक्याला टेकावं असं वाटलं, पण बॅटरी बदलायची पाळी होती आणि तिकडे ती बाई आकड्याची वाट बघत असेल. कुणीतरी आपली वाट बघतंय, या एका गोष्टीवर ती पाचव्या रॅकपर्यंत गेली, सातव्यापर्यंत गेली.

साडेचारच्या सुमारास दारावर घण पडले.

दवाखान्यात गरम पाण्याच्या पिशव्या लावून झाल्यावर नर्सने कागद पुढे केला. "घरच्यांपैकी कुणाला कळवायचं?" ती कागदाकडे बघत राहिली. नर्सला वाटलं, ऐकू आलं नाही, म्हणून तिने मोठ्याने विचारलं. शेवटी भावाचा नंबर दिला. भाऊ फोनवर घाबरला, ओरडला, "अगं, काय हे, सांभाळून नाही का राहायचं?" म्हणाला, आणि उद्या करतो म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने केलासुद्धा.

सोमवारी साहेब तिच्यासमोर उभे राहिले ते मान खाली घालून. घंटा दोन दिवसांत दुरुस्त झाली, दांडा नवा आला. तिने अहवालात लिहिलं की निळा घ्यावा, प्रत्येकाबरोबर सुटी बॅटरी द्यावी आणि ती अंगाशी ठेवण्यासाठी कोटाला आतून खिसा शिवावा. साहेबांनी एक शब्द न बदलता सही केली.

पंधरा दिवसांनी तिने रजा काढली आणि बसने चार तास प्रवास करून मुख्य कचेरी गाठली. तपासणी विभाग तळमजल्यावर, मागच्या बाजूला होता. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी साठीच्या आसपासची, केस बारीक कापलेली बाई बसली होती.

"मी खोली दोन," ती म्हणाली. दुसरं काय म्हणायचं ते तिला सुचलंच नाही.

बाई उठली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चला, चहा घेऊ," म्हणाली.

कँटीनमध्ये दोघी समोरासमोर बसल्या आणि बोलणं काही सुरू होईना. लिहिताना जमलं होतं ते तोंडाने जमत नव्हतं. मग तपासनीस बाई म्हणाली, "तुमचा पहिला निरोप मी न वाचताच परत पाठवला होता."

"काय?"

"शेऱ्यांचं बटण असतं. मालाचं नाव दिसलं नाही की दाबायचं. कित्येक वर्षं दाबतेय. दुसरी नोंद आली तेव्हा 'स्थिती: जिवंत' वाचलं आणि हात थांबला." तिने कप फिरवला. "मला त्यानंतर झोप नीट येत नाही."

"पण वाचलंत ना."

"वाचलं, पण तेसुद्धा कसं? शनिवारी तपासणी बंद असते बाई. इथे कुणी नसतं."

"मग तुम्ही?"

"मी येते. मिस्टर गेल्यापासून येते. घरी बसून करायचं काय? इथे निदान आकडे येतात कुठूनतरी." हे सगळं ती टेबलाकडे बघून बोलली. "कुणाला सांगू नका. इथल्या रखवालदाराला वाटतं, काम शिल्लक असतं."

मोजणीबाईने मान हलवली. तिच्या मनात पुष्कळ आलं. आईच्या खोलीचं दार ती अजून बंद ठेवते ते, मशीनशी बोलते ते. त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही. ती एवढंच म्हणाली, "एकशे अठरा खरंच चुकलं होतं का?"

"मला काय माहीत? इथून खोकी दिसतात होय?"

तेव्हा दोघी पहिल्यांदा हसल्या. चहा गार झाला.

संध्याकाळी तपासनीस बाई तिला थांब्यापर्यंत सोडायला आली. बसला वेळ होता. "शनिवारी काय करता तुम्ही?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मीही काही नाही," असं म्हणून तिने पिशवीतून कागद काढला, त्यावर फोन नंबर लिहिला आणि आकडे एकदा वाचून दाखवले.

बस आली. मोजणीबाईला खिडकीशी जागा मिळाली. हात हलवावा की नाही या विचारात तिने नुसतीच काच खाली केली. बाहेर ती बाई पिशवी पोटाशी धरून उभी होती. बस कोपऱ्यावर वळेपर्यंत ती जागची हलली नाही.