नांदगावचं पाणी

हरिश्चंद्राने घरच्या विहिरीचं पाणी भरलेल्या बाटलीत साबणाचा कीस टाकला, अंगठ्याने तोंड दाबलं आणि बाटली जोराने हलवली. फेस आलाच नाही. वर नुसती पांढरट साय जमली.

"बघा मास्तर. ही आमच्या बावची तऱ्हा," तो म्हणाला.

गुरुदास मास्तर मालवणच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी शाळेतून आणलेला तांबडा लिटमस त्याच विहिरीच्या बिनसाबणाच्या पाण्यात बुडवला. कागद निळा झाला. मग हरिश्चंद्राने लोणच्याच्या बरणीतलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं. हे नांदगावचं, त्याच्या सासुरवाडीच्या विहिरीचं. यात साबण टाकून हलवताच फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत चढला.

बंदरातली कारकुनी संपल्यावर हरिश्चंद्राला मासे पाळायचा नाद लागला होता. मुंबईहून एंजल माशांची जोडी त्याने आगबोटीत मांडीवर सांभाळून आणली. मासा परदेशी नदीतला, हलक्या पाण्याचा. इथे देवबागला, घरच्या विहिरीच्या पाण्यात त्याची अंडी पांढरी पडून कुजली. तेव्हापासून त्याच्या नांदगावला फेऱ्या सुरू झाल्या. त्यासाठी बायकोच्या, मथुरेच्या बरण्यांतलं लोणचं निघालं.

"माका पण घेवन चला," बायको एकदाच म्हणाली होती. तिथे तिचं माहेर होतं.

"मोटारीत बरण्यो धरू काय तुका धरू?"

आता ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"इथे वाळूत शिंपलेच शिंपले," मास्तर सांगत होते. "त्यांचा चुना पाण्यात उतरतो. जड पाणी."

"तर काय! ह्या पाण्यात वाटाणेसुदा शिजनत नाय," हरिश्चंद्र जाणकारासारखा हसला.

मथुरेने हातातले कप तिथेच खाली ठेवले. कोणाला चहा न देताच ती आत गेली.

काळे वाटाणे. लग्नानंतर मालवणचं घर सोडून दोघं या वाळूवर राहायला आली, आणि तेव्हापासून तिच्या सांबाऱ्यातला वाटाणा दाताखाली कचकचायचा. रात्रभर भिजवा, दुपारभर उकळवा, सगळं पाण्यात. सोडा घातला तर चव गेली म्हणून ताट सरकवलं जायचं. "आवशीच्या हाताक गुण होतो. हिच्या हाताक नाय," हे त्याने आपल्या आईचं नाव काढून पाहुण्यांदेखत किती वेळा ऐकवलं होतं. लेकीच्या, सरलाच्या साखरपुड्याला तर सगळं जेवण मालवणहून शिजवून आणलं. मथुरेचा हात लागू दिला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मथुरेला ते पटलं होतं. तिला स्वतःच्या हातांचा राग यायचा.

त्या संध्याकाळी तिने बरणीतल्या नांदगावच्या पाण्यात वाटाणे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी जेवताना हरिश्चंद्राने एक वाटाणा बोटांत दाबला. साल सुटून तो मऊ पसरला.

"शिजले गो! आवशीसारखे. काय केलंस आज?"

"काय नाय. हात तेच आसत."

त्याने दोनदा वाढून घेतलं. तृप्त होऊन हात धुतला आणि तो काचेच्या पेटीकडे वळला. सकाळीच मादीने पानावर अंडी घातली होती, थोडं पाणी बदलायला हवं होतं. त्याने बरणी उचलली. ती हलकी लागली. दुसरी तर आधीच संपली होती.

"पाणी खंय गेला?"

"तुमी जेवलात."

"काय?"

"वाटाणे त्याच पाण्यात शिजवलंय."

"अगो, अंडी घातली हत त्यांनी! आता बावचा पाणी घालू? मरतली ती!"

"मी जगलंय मा त्याच पाण्यात," मथुरा म्हणाली. "माझ्या हाताक बोल लावन घेवन जगलंय."

हरिश्चंद्राने बरणी उलटी करून पाहिली. रिकामी बरणी पोटाशी धरून तो पेटीजवळ उभा राहिला.

मथुरेने त्याच्याकडे न बघता आपलं ताट वाढून घेतलं. पहिला घास तोंडात गेला आणि तिला रडू कोसळलं. वाटाणा खरंच छान शिजला होता.