डाव्या डोळ्याचा फोटो

"मशीन चुकलं, धम्मरत्नभाऊ. दुसरं काय म्हणणार?" डॉक्टर दीपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पंजाबरावांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे ठीक, असं सांगून मोकळं झालं ते. पंधरा दिवसांपूर्वी यवतमाळला मोतिबिंदू काढला, तर डाव्या डोळ्यात मागे सगळं रक्त. शुगरनं पडदा पार खाल्लाय. तेव्हाच कळलं असतं, तर लेझर करून वाचवता आला असता."

धम्मरत्न कॅमेऱ्याची काच पुसत होता. पुसून झालेली काच तो पुन्हा पुसू लागला.

"मग आता?"

"नागपूरची संशोधनाची टीम फोटो तपासणारा प्रोग्रॅमच काढून घ्यायचं म्हणतेय. सगळ्याच गावांतून. एवढं ज्याला दिसत नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? मूळ फोटो पाहावा म्हटलं, तर तो नाव काढून हजारो फोटोंच्या ढिगात गेलेला. आता हुडकायचा कुठे?"

म्हणजे कोणालाच कधी कळणार नव्हतं. धम्मरत्नच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, आणि त्याची त्याला स्वतःलाच किळस आली.

एके काळी बोरी अरबच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. मिटलेले डोळे उघडण्यात त्याचा हातखंडा. ऐन हार घालताना नवरीनं डोळे मिटले, की तो दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे काढून असे बेमालूम बसवी, की खुद्द नवरीच्या आईलाही पत्ता लागत नसे. लोक खूश, तोही खूश. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आले, सगळेच फोटोग्राफर झाले आणि स्टुडिओचं शटर खाली आलं. यवतमाळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला तेव्हा गावातल्या तपासणी केंद्रासाठी कॅमेऱ्याचा माणूस हवा होता. शुगरच्या पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा. लाखो फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्रॅम तो पाहणार आणि डोळा ठीक की बिघडलेला, ते सांगणार. डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. "फोटोग्राफी सुटली नाही, आता गिऱ्हाईक आतून दिसते एवढंच," असं धम्मरत्न मोठ्या ऐटीत सांगे.

सहा महिन्यांपूर्वी पंजाबराव आला तो बाजाराचा दिवस होता. दारव्ह्याच्या रस्त्यावर, फाट्याला त्याची चहाची टपरी. बायको कांताबाईला भट्टीवर बसवून तो आला होता आणि त्याचा अर्धा जीव तिकडेच होता. उजव्या डोळ्याचा फोटो पहिल्या झटक्यात आला. डाव्यावर मोतिबिंदूची साय धरलेली. फोटो काढला, की प्रोग्रॅम तो परत पाठवी: अस्पष्ट, पुन्हा काढा. डोळ्याला धार लागली, पंजाबराव रुमालानं पुसत बसला. अशा वेळी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी होईपर्यंत थांबायचं, तरीही जमलं नाही तर पेशंटला यवतमाळला पाठवायचं, असा नियम. पण थेंब टाकले, की पुढे कित्येक तास सगळं भुरकट दिसतं. भट्टीजवळ जायची सोय नाही.

बाहेर एसटी येऊन लागली होती.

"भाऊ, बाजाराची गर्दी कांताले एकटीले आवरत नाई. गाडी चुकली तं आजचं दुकान बुडन माह्यं," पंजाबराव अजिजीनं म्हणाला. "काही होते का?"

"होते न," धम्मरत्न म्हणाला.

जुना हात वळवळला. त्यानं मशीनच्या स्क्रीनवर 'डावा' निवडलं आणि भिंग पुन्हा उजव्या डोळ्यासमोर आणलं. डावा कुठला नि उजवा कुठला, हे त्या प्रोग्रॅमला ओळखता येत नव्हतं. माणूस सांगेल ते त्याला खरं. दोन्ही डोळे ठीक, असा निकाल आला, पंजाबरावला गाडी मिळाली आणि एका गरजवंताचं काम केलं म्हणून धम्मरत्न दिवसभर खुशीत होता. ती खुशी आता त्याला घशाखाली उतरत नव्हती. चूक कोणाच्याही हातून होते. पण ही करून तो खूश झाला होता.

दीपा मॅडमची जीप गेल्यावर त्यानं केंद्राला कुलूप लावलं आणि गाडीला किक मारली. रस्ताभर तो पंजाबरावच्या शिव्या ऐकत गेला. बहुतेक सगळ्या त्यानं स्वतःच मनात जुळवल्या होत्या.

टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. काळा चष्मा लावलेला पंजाबराव भट्टीमागे एकटाच बसला होता.

"या, फोटोवाले भाऊ! बसा. च्या मांडतो."

"काका, मले आधी बोलू द्या," धम्मरत्न उभाच राहिला. "मशीन चुकली म्हनून सांगतलं न तुमाले? ते खोटं हाय. तुमच्या डाव्या डोयाचा फोटो मी काढलाच नोता. तो येत नोता, अन् तुमची गाडी लागली होती. म्हनून उजव्याचाच दोनदा काढला. तुमचा डोया माह्यापायी गेला."

पंजाबरावनं भांड्यात पाणी ओतलं, साखर टाकली.

"दोनदा काढला ते मालूम हाय मले."

"काय मालूम हाय?"

"शेवटच्या खेपेले उजेड पुन्हा याच उजव्या डोयात पडला न बावा. मले समजन नाई?"

धम्मरत्न बाकावर बसला. "मंग बोलले काहून नाई तवा?"

"कायले बोलू? तुमी शिकलेले मानसं. मले वाटलं, येवढी मोठी मशीन, तिले एका डोयातून दोन्ही दिसत असन." पंजाबरावनं चहापत्ती टाकली आणि आच कमी केली. "कांताले बी तसंच सांगतलं. गावात बी सांगतलं, का धम्मरत्न भाऊपाशी जा, तो दुखऱ्या डोयाले तरास देत नाई."

मागच्या महिन्यात पंजाबरावच्याच गावच्या दोन बाया केंद्रावर आल्या होत्या. आमचाही एकाच डोळ्याचा काढा म्हणाल्या, तेव्हा तो पोट धरून हसला होता. त्यांचे दोन्ही डोळे त्यानं नीट तपासले होते, पण आता ते हसू आठवून त्याचे कान तापले. शिव्या त्यानं सोसल्या असत्या. त्या तयारीनंच तो आला होता. हा विश्वास कसा सोसायचा, ते त्याला कळेना.

त्यानं तिथूनच दीपा मॅडमना फोन लावला. "मॅडम, मशीन नाई चुकली," म्हणून सुरुवात केली आणि काहीही न वगळता सगळं सांगितलं.

"पंजाबरावांना सांगितलंत?"

"त्याईच्याच समोर बसलो हावो."

"उद्या केंद्राची चावी हॉस्पिटलमध्ये आणून द्या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पंजाबरावनं चहा गाळून किटलीत घेतला. किटली उचलून तो ग्लासात ओतू लागला, तर धार ग्लासाच्या बाजूला फळीवर पडली. एका डोळ्याला जवळ-लांबचा अंदाज येत नव्हता. त्यानं फडक्यानं फळी पुसली. धम्मरत्न चटकन उठला आणि ग्लास किटलीच्या तोंडाखाली धरून उभा राहिला.

"राहू द्या," पंजाबराव त्याचा हात हळूच बाजूला करत म्हणाला. "तुमी रोज थोडीच धराले येनार हाय? मले शिकाच लागन."

त्यानं बोटानं चाचपून ग्लासाचा काठ शोधला, किटलीचं तोंड त्यावर टेकवलं आणि सावकाश ओतायला सुरुवात केली.