आतून घातलेलं कुलूप

पाळकसाहेब चर्चच्या हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभे, दादा पांढरा झगा घालून वर पहिल्या पायरीवर उभा, आणि आमच्या बाबांचा पत्ताच नाही! गायकमंडळींनी तेच गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आई सारखी दाराकडे बघत होती आणि माझ्या डोक्यातून वाफा निघायच्या बाकी होत्या.

आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेणारा आपला माणूस स्वतः निवडतो. त्या माणसाने हात धरून त्याला पाण्यापर्यंत न्यायचं. कुणी मित्र निवडतं, कुणी मावशी. आमच्या दादाने बाबांना निवडलं. म्हणजे ज्यांच्या तोंडाला त्याने काळं फासलं, नेमके तेच! त्याने विचारलं तेव्हा बाबा कानशीने किल्ली घासत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, नुसते घासत राहिले.

बाबा कुलपं-किल्ल्या करतात. दादा त्यांच्या हाताखाली शिकला आणि बापसे बेटा सवाई निघाला. गिऱ्हाइकाची किल्ली करताना एक जास्तीची करून खिशात टाकायची आणि घरात कुणी नसलं की आत शिरायचं, हा त्याचा उद्योग. पकडला गेला, तुरुंगात गेला. बाबा त्या प्रत्येक घरी जाऊन मान खाली घालून नवं कुलूप बसवून आले. मग त्यांनी दुकानाला लोखंडी दार केलं आणि त्यात स्वतःच्या हाताने घडवलेलं कुलूप ठोकलं. असं कुलूप, की दादाच काय, त्याच्या बापालाही उघडता येऊ नये. मी हे बोलायची पद्धत म्हणून बोलायचे, पण त्या रविवारी ते अक्षरशः खरं ठरलं.

तुरुंगात दादा प्रभूकडे वळला. सुटल्यावर तो त्या सगळ्या घरी क्षमा मागायला गेला. काहींनी तोंडावर दार लावलं. शिंपीणकाकूंनी आधी चांगलं फैलावर घेतलं आणि मग चहा पाजला. आता तो गोदामात खोकी उचलतो आणि कुलपाला म्हणून हात लावत नाही. स्वतःच्या खोलीलाही नुसती कडी लावतो. आता राहिले होते ते फक्त बाबा.

शेवटी मला राहवेना. मी चपला हातात घेतल्या आणि धावत सुटले. दुकान मागच्याच गल्लीत. दारावर धाडधाड मुठी आपटल्या.

"बाबा! मनाची नाही तर जनाची तरी ठेवा! सगळे खोळंबलेत!"

आतून बारीक आवाज आला. "किल्ली मोडली."

"काय?"

"किल्ली मोडली गं. कुलपातच. अर्धा तुकडा आत अडकलाय. सगळं रिव्हेट मारून बसवलंय, खोलता येत नाही. हात थरथरतात माझे."

मला हसावं की रडावं कळेना. खिडकीला गज, दार लोखंडी. तशीच उलट्या पावली धावले आणि गीत चालू असतानाच ओरडले, "दादा, चल! बाबा कोंडले गेलेत!"

मग काय विचारता! दादा झगा गुडघ्यापर्यंत उचलून पुढे, मी मागे, माझ्यामागे आई, तिच्यामागे निथळत निथळत पाळकसाहेब आणि त्यांच्या पाठोपाठ अख्खी मंडळी. गल्लीतले लोक गॅलरीत आले. दादा दारापाशी पोचला, वाकून कुलूप पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

"नाही," तो म्हणाला. "मी देवासमोर शपथ घेतलीय, मिरचे. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणार नाही." मिरची म्हणजे मी. घरात सगळे मला तेच म्हणतात.

"दुसऱ्याचं कुठलं? बापाचं आहे!"

"बापाचं आहे म्हणूनच."

शिंपीणकाकू गर्दीतून पुढे घुसल्या. "माझं उघडताना कुणाला विचारलं होतंस रे? आणि आता घरधनीच आत अडकलाय तर आढेवेढे घेतोस?"

लोक हसले. दादा हसला नाही. त्याने दाराला कपाळ टेकवलं. "बाबा, तुम्ही सांगितलंत तरच उघडीन."

आईने माझा दंड घट्ट धरला. बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. उपाशी मरतील, पण वाकणार नाहीत. मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, आज एवढा एकच शब्द त्यांच्या तोंडून काढ.

"ऐक," बाबा म्हणाले. "आत पाच लिव्हर आहेत. पहिल्या दोन सरळ. तिसरी उलटी आहे, ती खाली दाब. वर ढकललीस तर कुलूप जाम होईल."

"उलटी का केलीत?"

"तुला उघडता येऊ नये म्हणून."

बाबा पुढे बोलले, आता आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू जावा असा. "आणि हेही सांगतो. सकाळी मीच आतून कुलूप घातलं. मला यायचं नव्हतं. तुझा हात धरायचा नव्हता मला. मग तुमचं गाणं इथवर ऐकू आलं. म्हटलं, पोरगा पायरीवर ताटकळतोय आणि मी इथे कानशी पुसत बसलोय! उठलो, घाईघाईत किल्ली फिरवली आणि मोडली. चूक तुझी होती. पण हे दार मी लावलं. उघड रे आता."

दादाने मागे न बघताच हात पसरला. आईने अंबाड्यातले आकडे काढून त्याच्या हातावर ठेवले. त्याने एक सरळ केला, एक वाकवला. आधी तुकडा पलीकडे ढकलला, मग डोळे मिटले. "पहिली झाली," तो म्हणाला. "दुसरी." आतून बाबा सांगत होते, "सावकाश, तिसरीला हलका हात." खट्ट आवाज झाला आणि दार उघडलं.

बाबा समोर उभे. इस्त्रीचा शर्ट, केसात लोखंडाचा भुसा, डोळे लाल. दादा काहीतरी बोलायला गेला, पण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. त्याचं मनगट पकडलं आणि चर्चकडे चालायला लागले, इतके भराभर की दादा झग्यात अडखळला. आम्ही सगळे हसत, रडत, धापा टाकत मागे!

हौदाशी पाळकसाहेब घाईने पाण्यात उतरले. नेणाऱ्याने शेवटच्या कोरड्या पायरीवर हात सोडायचा, अशी आमच्याकडची रीत. बाबा तिथवर आले. दादाने पाण्यात पाय टाकला. बाबांची मूठ काही सैल होईना.

"आता सोडा त्याला," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"एकदा सोडून पाहिलंय," बाबा म्हणाले आणि इस्त्रीच्या शर्टासकट, बुटांसकट दादाबरोबर पाण्यात उतरले.