आज दार कोण उघडणार

गोंड्याचा एक धागा सुटून लोंबत होता, आणि तो आत खोचावा की सरळ तोडून टाकावा, एवढं ठरवण्यात तिची सकाळ चालली होती. तोडला तर त्याच्यामागून दुसरा येणार, खोचला तर हाच उद्या पुन्हा बाहेर... सोनेरी म्हणून आणलेला गोंडा आता पाणचट चहाच्या रंगाचा झाला होता. ज्या दोरीच्या टोकाला तो होता, ती पूर्वी कप्पीवरून वर घंटेपर्यंत जायची. आता ती हातभर वर जाऊन भिंतीतल्या एका खिळ्याशी संपत होती. ओढली की खिळा कुरकुरायचा, बाकी काही नाही. घंटा आता भरून ठेवलेल्या आवाजाच्या पेटीतून वाजायची. पण पार्कात येणाऱ्यांना खालून वाटायला हवं की राणीसरकारांनी दोरी ओढली, घंटा झाली आणि दार उघडलं, म्हणून ती रोज ओढायची. इतक्या वर्षांत तो खिळा निघाला नाही आणि मीही नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला उगीचच हसू फुटलं.

"हसू नकोस, हूक निसटतोय," मागून कपडेवाल्या मावशी म्हणाल्या. "ये आत. श्वास घे. आणखी. हं."

छज्ज्यामागची ही खोली बाहेरून किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसायची. आत नुसतं प्लायवूड होतं, रंगाचा वास होता, आणि एका कोपऱ्यात अस्वलाचं नि सशाचं डोकं एकमेकांना टेकून पडलेलं असायचं. मावशी तिच्या पाठीला गुडघा लावून हूक अडकवत होत्या. झग्याला डावीकडे एक खिसा होता, मावशींकडून तिनेच लावून घेतलेला. राणीच्या झग्याला कुठे खिसा असतो का, असं मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या; पण लेक परगावी राहायला गेली होती, आणि फोन खोलीत ठेवून छज्ज्यावर जायचं तिच्या जिवावर यायचं. आत्ता त्या खिशाचं ओझं तिला मुकुटापेक्षा जास्त वाटत होतं. 'उद्या सकाळी फोन करते. येणार की नाही, तेवढं एकदा सांग,' असं लेक काल म्हणाली होती.

"लेकीचं काय ठरलं मग?" मावशींनी विचारलं.

"काय ठरणार... रजा नाही म्हणतात."

"मेले! यांना आया-बहिणी नाहीत का? पोरीचं पहिलं बाळंतपण, जावई फिरतीवर, जवळ चिटपाखरू नाही—"

"जाऊ द्या हो मावशी."

"जाऊ द्या कसं? मी परवा चहावाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, साहेबांच्या कपात आता नुसतं पाणी ओततो."

ती आरशात स्वतःच्या गळ्याकडे पाहत राहिली. साहेब बिचारे! गेले काही दिवस पार्कातलं प्रत्येक माणूस आपल्याकडे असं का बघतंय, याचा त्यांना पत्ताच नव्हता. कारण तिने रजा मागितली होती, आणि त्यांनी ती तिथल्या तिथे, खुर्ची पुढे करत, दिली होती. "अहो जा की ताई, खुशाल जा," असं ते म्हणाले होते. वयाने लेकीएवढे, हसरे, सभ्य... ओरडले असते तर बरं झालं असतं. "दोन महिने जा, तीन महिने जा. आइस्क्रीमच्या गाडीवर ती पोरगी आहे ना, तिला तुमचा झगा होईल, मी माप विचारून ठेवलंय. आणि आवाज तर आपल्याकडे आहेच."

आवाज आपल्याकडे आहेच.

त्याच संध्याकाळी तिने लेकीला फोनवर सांगितलं, 'साहेब सोडत नाहीत गं.' किती सहज सांगितलं! वाक्य आधीच कुठेतरी तयार असल्यासारखं. लेक म्हणाली, "आई, त्या आवाजात बोलू नकोस ना माझ्याशी." कोणत्या आवाजात, असं तिने विचारलंसुद्धा नाही. घरात सगळ्यांनाच तो ठाऊक होता. दूध उतू जायला लागलं तरी ती छज्ज्यावरून बोलल्यासारखी बोलायची, नवरा म्हणायचा, 'प्रजाजनहो, गॅस बंद करा!' आणि पेपरात तोंड लपवून हसायचा. आज निघतानाही त्याने विचारलं, "काय सांगणार पोरीला?" तिने चपला शोधण्याचं सोंग केलं. तो म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ तुझा." त्याला खरी गोष्ट माहीत होती की काय, या विचाराने ती अख्खा रस्ता बेचैन होती.

पण पीळ कसला? अभिमान असता तर तो तरी बाळगला असता. हे अभिमानाहून वाईट काहीतरी होतं, आणि त्याला नाव नव्हतं.

पूर्वी... पूर्वी सकाळी दार खरोखर बंद असायचं. हेच लोकांना आता सांगून पटत नाही. लाकडी, दोन फळ्यांचं, आतून अडसर घातलेलं दार, आणि त्याच्यापुढे माणसं—झोपेतून उचलून आणलेली पोरं, खांद्यावर बसलेली पोरं, 'उघडलं का, उघडलं का' म्हणून आयांचा पदर ओढणारी पोरं. ती झगा सावरत खाली त्या गर्दीत जायची. त्यातलं एक पोर निवडायची. कोणतं, याचा काही नियम नव्हता. बरेचदा सगळ्यांत मागे आईच्या पायांशी चिकटलेलं निवडायची, कारण पुढे घुसणारी काय, कुठेही घुसतीलच. त्याला हाताला धरून छज्ज्यावर आणायची. मग वरून विचारायची, "आज दार कोण उघडणार?" आणि ते पोर आपलं नाव सांगायचं, कुणी किंचाळून, कुणी इतकं हळू की तिला वाकून कान न्यावा लागायचा आणि मग स्वतःच ते नाव मोठ्याने सांगावं लागायचं. दोरी ओढायची, घंटा व्हायची, खाली दोन माणसं अडसर काढायची. दार करकरत उघडायचं. त्या क्षणी गर्दीतून जो एक आवाज यायचा, तो टाळ्यांचा नव्हे, ओरडण्याचाही नव्हे... सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्यासारखा. तो तिला घरी जाईपर्यंत पुरायचा.

मग एका मोसमात तिचा घसा बसला. तात्पुरतं म्हणून आवाज भरून घ्यायचं ठरलं, पार्क बंद असताना, म्हणजे घसा थोडा सुटला त्या सुट्टीच्या दिवशी. आवाजवाला पेटी आणि तारा घेऊन आला. तो म्हणाला, "मधे पोर बोलतं तेवढी जागा सोडायला हवी, नाहीतर तुम्ही गाडीसारख्या सुटाल." पोर कुठून आणायचं? सुट्टी म्हणून लेकीला बरोबर आणलेलं होतं, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिला छज्ज्यावर उभं केलं. हिने विचारलं, आज दार कोण उघडणार? आणि लेक जी ओरडली, "मी! आई, मी! मी उघडते!"—की आवाजवाल्याने कानांवरचं काढून ठेवलं. नंतर त्याने लेकीचं बोलणं पुसून टाकलं. पोरगी गोड बोलली, पण रोज तीच कशी चालेल, असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं. जागा मात्र तेवढीच राहिली. 'मी, आई, मी, मी उघडते' एवढ्या लांबीची.

त्या जागेत बोलायला पुढे पुढे पोरं आणणंही बंद झालं. जिन्यावरून एखादं पडलं तर जबाबदारी कोणाची? दोरीतून हात निघाला नाही तर? मग कप्पी काढली. मग दारच काढलं. आता खाली लोखंडी चौकटी आहेत, लोक फोन दाखवतात, चौकट 'पीं' वाजते, माणूस आत. ज्यांनी जास्त पैसे भरले ते तर आधीच येऊन मोठ्या पाळण्यावर एक फेरी मारून झालेले असतात. छज्ज्यावरचा कार्यक्रम ठरल्या वेळेला होतो, कारण तो पत्रकावर छापलेला आहे. तोवर दार उघडून कितीतरी वेळ झालेला असतो. वरातीमागून घोडं, तेही लाकडी. साहेब म्हणतात, लोकांना परंपरा आवडते ताई. आवडत असेल.

आणि तात्पुरतं म्हणून भरलेला तो आवाज म्हातारा झाला नाही. तिचा झाला. हल्ली सकाळी तिच्या घशातून आधी खरखर निघते आणि मग शब्द. पेटीतली बाई मात्र अजून तशीच, तरणीताठी, प्रत्येक शब्दावर हसू पेरणारी. ती रोज त्या बाईच्या बोलण्यावर ओठ हलवते. यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पेटीतली बाई कुठे श्वास घेते, कुठे आवंढा गिळते, 'प्रजाजनहो'च्या आधी जीभ टाळूला लागून बारीकसा आवाज होतो तो कुठे, सगळं तिला पाठ. तिथेच ती श्वास घेते, तिथेच गिळते. घरीही. रात्री झोपेतही तशीच श्वास घेत असेन मी, कोण जाणे.

आइस्क्रीमवालीला हे सगळं जमणार नाही. पहिल्या दिवशी तिचे ओठ मागे पडतील, लोक हसतील... असं तिने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं होतं. पण झोप येत नाही अशा वेळी जे समोर यायचं ते वेगळंच होतं—पोरगी उभी आहे, ओठ वेडेवाकडे हलवते आहे, आणि खाली कुणाच्याही लक्षात येत नाही. नोकरी जाण्याचं भय नव्हतं. साहेब शब्दाचे पक्के, परत आल्यावर झगा परत मिळाला असता. पण मग ते कळून चुकलेलं असतं. त्यानंतर इथे कसं उभं राहायचं? आणि इथे नाही, तर कुठे?

म्हणून तिने लेकीला एकटीला सोडलं होतं. असं सरळ शब्दांत तिने आज पहिल्यांदाच म्हटलं.

"झालं," मावशी म्हणाल्या. "जा बाई. हसत जा."

छज्ज्यावर उजेड डोळ्यांत घुसला. गोंड्याचा तो धागा अजून लोंबतच होता. संगीत सुरू झालं, तिने हात वर केला, आणि पेटीतली बाई म्हणाली, "प्रजाजनहो, सुप्रभात!" ओठ आपोआप चालू झाले. खाली माणसं चौकटींतून येत होती आणि सरळ पुढे जात होती. काही थांबत होती, पण पाठ करून. फोन उंच धरून स्वतःच्या चेहऱ्यामागे ती नीट येते का ते बघत होती. किती पाठी! इतकी वर्षं ती हसत होती ते या पाठींकडे बघून. "दूरदूरहून आलात," बाई म्हणत होती, "आमच्या राज्यात तुमचं स्वागत असो..."

मांडीशी खिसा थरथरला.

ती ओठ हलवत राहिली. थरथर थांबेना. लेक. सकाळी फोन करते म्हणाली होती, ही वेळ आईची छज्ज्यावरची, हे तिला माहीत नाही असं कसं होईल? की माहीत होतं म्हणूनच? श्वास. आवंढा. आता ते वाक्य येणार. हात गोंड्यावर गेला, नेहमीसारखाच, तिला न विचारता.

"आज दार कोण उघडणार?" पेटीतली बाई म्हणाली.

आणि ती रिकामी जागा आली. एरवी या जागेत तिला लेकीचं ते ओरडणं ऐकू यायचं, पडलेल्या दातातून सुटलेला वारासुद्धा. आज तिने डाव्या हाताने फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो? आई?" लेक म्हणाली. धाप लागलेला, जड आवाज. "आई, मी. मी बोलतेय."

तिच्या हातातून गोंडा सुटला. वर घंटा झाली, तरीही झाली, आणि बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, "तर मग चला! दार उघडलं हो!" आणि हसली. तिचे ओठ मिटलेले होते. इतकी वर्षं ज्याच्या धसक्याने ती रात्री उठून बसायची, ते हेच. ती खाली बघत राहिली. कोणी वर पाहिलं नाही. एका बाईने पोराचं नाक पुसलं, एकाने टोपी बदलली. पेटी पुढे बोलत गेली, तिला सोडून, आणि ते दुखलं, पण त्या दुखण्यात अपमान नव्हता. शोधून पाहिला, तरी नव्हता.

"आई, तूच बोलतेयस का?"

"नाही," ती म्हणाली. खरखरीत, सकाळचा, कुणासाठी न पुसलेला आवाज. तिचा तिलाच परका वाटला. "ती मी नव्हे. मी इकडे आहे. ही."

 पलीकडून लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पायांखालच्या फळ्या संगीताने थरथरत होत्या. मागे दारात मावशी आल्या होत्या, हाताने खुणा करत होत्या, फोन, फोन, आत ठेव. साहेब खाली चौकटीपाशी उभे राहून कोणाला तरी रस्ता दाखवत होते.

"मग?" लेकीने विचारलं. "सोडतायत का साहेब?"

तिने तोंड उघडलं. पुढचं वाक्य कुठेच भरून ठेवलेलं नव्हतं, आणि श्वास कुठे घ्यायचा, हेही तिला माहीत नव्हतं.