वीतभर लांबून

दुकानदाराने काचेवर तीन यंत्रं मांडली आणि चौथं आणायला आत गेला, तेव्हा तर्फाला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. तिचा भाऊ सालेह शेजारी बसून घड्याळ बघत होता. बहिणीला सोबत म्हणून तो आपल्या गावाहून, उनैझाहून, बुरैदा शहरापर्यंत आला होता खरा, पण मेटल डिटेक्टर घ्यायला आलेली बहीण हा काही मिरवण्याचा विषय नव्हता.

"हे बघा खाला," दुकानदार लांब दांड्याच्या टोकाला ताटली लावलेलं एक धूड घेऊन आला. "हातभर खोल वाळूत सोनं असलं ना, तरी बोंब मारतं. गेल्या आठवड्यात दोन गेली."

"सोनं शोधायचंय कुणाला?" तर्फा म्हणाली. "सोनं माझ्या दाराशी आपल्या पायांनी येतं बाबा, तेही किलोकिलोने. मला त्या सोन्याच्या मागे लपलेलं शोधायचंय."

दुकानदाराने सालेहकडे पाहिलं. सालेह खाकरला. "लग्नाच्या हॉलवर असते ही. बायकांच्या दारावर. मोबाईल काढून घेते."

"हां, मग असं सांगा की!" दुकानदाराने धूड बाजूला ठेवलं आणि हातभर लांबीची काळी काठी पुढे केली. "हे पोलीस वापरतात. या बटणावर आवाज, या बटणावर नुसती थरथर. हा खिट्टा फिरवला की कमी-जास्त."

तर्फाने काठी आपल्याच बांगडीवरून फिरवली. ती अशी किंचाळली की सालेह दचकून उभा राहिला.

"हे तर सगळ्यांवरच ओरडेल!"

"सगळ्यांवर ओरडतंच, खाला. कशावर ओरडतंय ते कानाने शिकायचं असतं."

"किती दिवस लागतात शिकायला?"

"पोलिसांना दोन दिवस लागतात."

"मग मला एक पुरे," ती म्हणाली. हॉलवरचं पुढचं लग्न गुरुवारी होतं आणि आज मंगळवार.

नऊ वर्षं तर्फा त्या दारावर उभी होती. बायका दारात अंगभरचे काळे अबाया उतरवायच्या, पुढे सगळं त्यांचं राज्य. केस मोकळे, पाठी उघड्या, पहाटेपर्यंत नाच. आतलं आत राहिलं पाहिजे, एवढंच तिचं काम. आधी ते सोपं होतं. मग मोबाईलला कॅमेरे फुटले आणि तिच्या डोक्याला ताप झाला. पर्स उघडून बघणं, अंगावरून हात फिरवणं, एवढ्यावर ती निभावून नेत होती.

गेल्या महिन्यात ते निभलं नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या मोधीची मुलगी लुलवा एका लग्नात नाचली आणि कुणीतरी तिचा फोटो काढला. या मोबाईलवरून त्या मोबाईलवर उड्या मारत तो तिच्या होणाऱ्या दिराच्या हाती पडला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी सोयरीक मोडली. लुलवाने कॉलेज सोडलं. ती आता अंगणातही येत नाही, असं लोक सांगत.

मोधी तर्फाच्या दारात आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच तिने मोबाईल वर धरला. "बघ. तुझ्या दारातून आत गेलेल्या मोबाईलने काढलाय हा."

तर्फाने पाहिलं. मान मागे टाकून हसणारी लुलवा. आणि खाली कोपऱ्यात लाल थर्मासचं झाकण. तो थर्मास हॉलच्या कामकरी बायकांचा होता. त्यांच्या कोपऱ्यात पाहुणी कधी बसत नसे. तर्फाने चटकन नजर काढून घेतली. तेव्हापासून तो थर्मास तिच्या पोटात बसून होता. हॉलच्या मालकिणीने पुन्हा असं झालं तर दुसरी बाई ठेवीन म्हणून दम दिला, त्याचं तिला एवढं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर शिकवणी सुरू झाली. एकोणीस वर्षांची बशाइर, तिची मुलगी, आजीचं सगळं सोनं अंगावर चढवून बैठकीत उभी राहिली. छातीभर हार, कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला सोन्याचा पट्टा.

"मी मोबाईल लपवते, तू शोध. हरलीस तर उद्या गहू भरडून जरीश तू रांधायचंस."

पहिल्या अर्ध्या तासात तर्फा रडकुंडीला आली. काठी हारावर ओरडे, केसांतल्या पिनांवर ओरडे, झग्याच्या चेनवर ओरडे. मोबाईल निघाला बशाइरच्या बगलेत. काखेत कळसा म्हणतात तो हाच, आणि आई गावाला वळसा घालून दमली होती.

मग तिने खिट्टा कमी केला, डोळे मिटले आणि काठी अगदी सावकाश पुढे नेली. हळूहळू कान उघडले. पिना नुसत्या चिवचिवत. बांगड्या जवळ गेल्यावरच बोलत. मोबाईल लांबूनच सूर लावी आणि सोडत नसे. अंबाड्यातला सापडला, मोज्यातला सापडला. तर्फाला चक्क हसू आलं.

"आता शोध," बशाइर म्हणाली.

तर्फाने तीनदा वरपासून खालपर्यंत काठी फिरवली. काही मिळेना. फक्त पट्टा ओरडत होता आणि पट्टा तर ओरडणारच. चौथ्यांदा तिने कमरेभोवती काठी गोल फिरवली. पट्टा चार बोटांवरून ओरडत होता, पण बेंबीपाशी वीतभर लांबूनच सुरू झाला. तिने पट्ट्याखाली बोटं घातली. मोबाईल तिथे पोटाला चिकटून होता.

"हे कुठे शिकलीस गं?"

"शिकायचंय काय त्यात? सगळ्या मुलींना ठाऊक असतं."

"सगळ्या मुलींना दारात मी तपासते."

"हो, पण मला कुठे तपासतेस?" बशाइर हसली, आणि ते हसणं मध्येच तुटलं. तिने मान फिरवली आणि भराभरा बांगड्या उतरवायला घेतल्या.

लुलवाच्या त्या रात्री बशाइर कुठे बसली होती? दारावरच्या बाईची मुलगी कुठे बसणार? कामकरी बायकांत, थर्मासच्या शेजारी. विचारावं असं दहादा ओठांवर आलं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचं करायचं काय, हे तिला कळत नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि कुणी न सांगता गहू निवडत बसली.

बुधवारी एवढंच म्हणाली, "उद्या तू येऊ नकोस."

"माझ्या वर्गातली मुलगी आहे नवरी! गेले नाही तर लोक काय म्हणतील?"

गुरुवारी रात्री ईशाच्या नमाजानंतर रांग लागली. नवरी मोधीची भाची होती, त्यामुळे मोधी येणार हे तर्फाला माहीत होतं. कान चोख चालले होते. पहिल्या तासात चार मोबाईल निघाले. एक तर बाळाच्या लंगोटातून. काढलेल्या प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवून ती पेटीत टाकत होती. एक म्हातारी काठी गुडघ्यावर ओरडताच म्हणाली, "बाई, तिथे डॉक्टरने लोखंड घातलंय. काढून पेटीत ठेवू का?" रांग खदखदली. तर्फाही हसली, आणि मान वर करते तो पुढे बशाइर. तिच्या कमरेला पट्टा होता. मागे मोधी उभी होती.

"तुझ्या लेकीलाही तपासतेस ना?" मोधीने विचारलं.

"तपासते तर."

काठी खांद्यावरून उतरली, हारावर चिवचिवली, कमरेकडे वळली. वीतभर लांबूनच तिने सूर लावला. बशाइर आईकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर घाम फुटला होता.

आवाज रांगेतल्या तीस बायकांनी ऐकला. त्याचा अर्थ कळणारी तिथे एकच होती.

"पट्टा आहे," तर्फा म्हणाली. "जा."

बशाइर आत गेली. मोधी पुढे आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. तिच्या गळ्यात काही नव्हतं, हातात काही नव्हतं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला ती तशीच आली होती. काठी डोक्यापासून पायापर्यंत गेली आणि एकदाही बोलली नाही.

"अल्लाह तुझ्या हातांना बरकत देवो," मोधी हळूच म्हणाली. महिन्याभरात ती पहिल्यांदा नीट बोलत होती. "हे आधीच आणलं असतंस तर... असो. दुसऱ्या कुणाच्या लेकीवर तरी ती वेळ येणार नाही."

तर्फाला ते सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर तिने गिळल्या असत्या.

"बशाइर! मागे फीर."

मुलगी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पट्टा सोड."

मोबाईल तर्फाच्या तळहातावर आला. मोधीने त्याच्याकडे पाहिलं, मग बशाइरकडे. बशाइर रडायला लागली आणि विचारायचं काही उरलं नाही.

"कुणाचा गं निघाला?" मागून कुणीतरी ओरडलं. माना उंचावल्या.

तर्फाने तोंड उघडलं. पण मोधीने तिच्या हातावर हात ठेवला होता.

"माझा आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मीच दिला होता पोरीकडे."

रांगेत कुजबुज पसरली. "बघा बाई! स्वतःच्या घराला आग लागली तरी अक्कल येत नाही!" मोधीने ते ऐकलं आणि मागे वळून पाहिलं नाही.

"मोधी, अगं..."

"एका मुलीचं झालं तेवढं पुरे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "उद्या दुपारी असरच्या नमाजानंतर हिला घेऊन घरी ये. लुलवाला हिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तू नाही, मी नाही. आता चिठ्ठी लिही, लोक बघतायत."

तर्फाने चिठ्ठी घेतली आणि त्यावर मोधीचं नाव लिहिलं. अक्षर धड येईना, म्हणून तिने ती फाडली आणि दुसरी घेतली.